रिकामी बाही

सर्वपित्री अमावास्या रविवारी आली, म्हणून पुरुषोत्तम घरी होते. सकाळी फोल्सहिल रोडवर जाऊन गवार, लाल भोपळा आणि केळीचं पान आणलं. कॉव्हेंट्रीत आता सगळं मिळतं.

सासऱ्यांचा, आप्पांचा, फोटो नव्या फ्रेमसाठी दुकानात दिला होता. म्हणून पान डायनिंग रूममधल्या साइडबोर्डवरच वाढलं आणि आप्पांना आठवून हात जोडले. वर भिंतीवर ऑक्शनमधून आणलेलं जुनं तैलचित्र होतं. लाल कोटातला कुणी अधिकारी. उजवी बाही रिकामी, छातीशी पिनेने अडकवलेली. डाव्या डोळ्यावर काळी पट्टी. पुरुषोत्तम सर्जन, त्यांना त्याचं भारी कौतुक. "हात गेला, पण ताठा बघ," म्हणायचे.

मग पान बागेच्या भिंतीवर नेऊन ठेवलं. कावळे आले, शेडवर बसून राहिले. एकही शिवेना.

"अहो, आप्पांचं काहीतरी राहिलंय."

"इंग्रज कावळे ते. वडे कशाशी खातात, त्यांना काय माहीत!"

"चेष्टा पुरे. बोला काहीतरी."

"आप्पा, पुण्याचा फ्लॅट विकत नाही." कावळे ढिम्म. "अनुष्काचं लग्न तुमच्या मनासारखं करू."

"लेकीला विचारलंत?"

खिरीवर साय धरली. वारा पडला होता. घराच्या उघड्या दारातून जुन्या रंगाचा, तेलकट, कुबट वास येत होता. उपाशी पुरुषोत्तम शेवटी वैतागले. वाकड्या करंगळीच्या आपल्या उजव्या हाताने त्यांनी वाटी पुढे सरकवली.

"माझ्याकडून हवं ते घ्या. पण जेवा!"

एक मोठा कावळा लगेच उतरला. आधी त्याने घराच्या दाराकडे पाहिलं, परवानगी घ्यावी तसं. मग खाल्लं.

मंगळवारी ऑपरेशन करताना पुरुषोत्तमांच्या उजव्या हातातून चिमटा गळून पडला. स्कॅनमध्ये काहीच निघालं नाही. हात मात्र थंडगार. सुई टोचली तरी कळत नाही. तेव्हापासून ते रजेवर आहेत. दिवसभर तो हात मांडीवर ठेवून बसतात.

"हा हात नसेल तर... मी काय करायचं गं?"

काल साइडबोर्ड पुसताना सहज वर पाहिलं. छातीवरची पिन नव्हती. बाही भरलेली होती. तिच्यातून एक सावळा हात बाहेर आला होता... करंगळी वाकडी.

पान कुणापुढे वाढलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

चित्र उतरवून गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवलं. साइडबोर्डवर त्याच्या जागी दुकानातून आणलेला आप्पांचा फोटो लावला. पुरुषोत्तमांना काही सांगितलं नाही.

आज सकाळी चहा घेताना ते डावा डोळा चोळत होते.

"सुप्रभा, या बाजूचा दिवा लाव ना... काही दिसत नाहीये."

त्यांच्या डाव्या हाताला खिडकी होती. लख्ख ऊन थेट तोंडावर येत होतं.