भिंतींना आधी कळतं

रोहिणीचा अकरा महिन्यांचा करार संपत आला होता. म्हणून सकाळची पूजा आटोपल्यावर इंदूताई मगदूम यांनी फोन उघडला आणि वास्तुमित्राला विचारलं, "पुढचा करार करून टाकू ना?"

भात टाकू ना, असं विचारावं तितक्या सहज त्यांनी हे विचारलं होतं.

मिरजेतल्या त्या नव्या इमारतीत इंदूताईंच्या दाराला लागूनच त्यांचा दुसरा फ्लॅट होता. यजमानांच्या निवृत्तीच्या पैशातून घेतलेला आणि रोहिणीला भाड्याने दिलेला. उभा जन्म भाडेकरू म्हणून गेलेला, त्यामुळे मालकीणपण अंगवळणी पडेना. शेवटी सुजयने, त्यांच्या मुलाने, पुण्याहून येऊन फोनमध्ये वास्तुमित्र हा बोलका सल्लागार बसवून दिला. तो जुन्या कारभाऱ्यासारखा सल्ले देई. पोलीस पडताळणी झाल्याशिवाय किल्ली हातात देऊ नका. विजेच्या मीटरचा फोटो भाडेकरूसमोर काढा. नळ गळत असेल तर आजच प्लंबर बोलवा, नाहीतर उद्या गवंडी बोलवावा लागेल. आणि भाडेकरूशी वाटीची देवघेव ठेवू नका.

हा शेवटचा सल्ला इंदूताईंनी पहिल्याच दिवशी मोडला. नव्या बिऱ्हाडाला त्यांनी वाटीभर खीर पाठवली. शेजारची वाटी रिकामी परत करायची नसते, त्यामुळे ती तेव्हापासून या दारातून त्या दारात फिरत राहिली. रोहिणी तासगावला बेदाण्यांच्या शीतगृहात नोकरीला, म्हणून वाटी बहुधा बेदाणे घेऊन यायची.

"नाही," वास्तुमित्र म्हणाला. "करार वाढवू नका."

"अगं बाई! का म्हणून? पोर गुणी आहे."

"गुणांचा प्रश्न नाही. रहिवाशाच्या श्वासात बदल आढळला आहे. फुप्फुसाचा गंभीर आजार संभवतो."

बिल्डरने दोन्ही फ्लॅटना आतून श्वासरंग दिलेला होता. ओल आणि गॅसगळती हुंगण्यासाठी शोधलेला रंग. त्यात डोळ्यांना न दिसणारे संवेदक कण होते, आणि त्यांची मोजमापं थेट घरमालकाच्या वास्तुमित्राकडे जात. आजार अंगावर दिसण्याच्या कितीतरी आधी माणसाच्या उच्छ्वासातले वायू बदलतात आणि तेही या कणांना कळतात, हे रंगवाल्यांच्या मागाहून लक्षात आलं. भिंतींच्या देखभालीसाठी मोजमाप घेतलं जाईल, या ओळीखाली रोहिणीने सही केली होती. न वाचता. इंदूताईंनीही वाचली नव्हती.

"लक्षणं दिसण्याआधी नोटीस द्या," आवाज शांतपणे सांगत होता. "आजारी माणसाला नंतर घराबाहेर काढणं बरं दिसत नाही. हा निष्कर्ष रहिवाशाला सांगू नका. तो फक्त मालकासाठी आहे."

इंदूताईंनी फोन पालथा ठेवला. त्यांना ताराक्का आठवल्या, लग्नानंतरच्या पहिल्या दोन खोल्यांच्या मालकीणबाई. ताराक्कांची पडताळणी म्हणजे उंबऱ्याबाहेरच्या चपला. नीट जोडून ठेवल्या असतील तर माणूस चांगला. जीभ तर अशी कडू, की नळावर त्या आल्या की बायका कळशी अर्धवट भरून पळायच्या. पण इंदूताई विषमज्वराने पडल्या, तेव्हा दिवसभर दार उघडलं नाही हे ताराक्कांच्याच ध्यानात आलं, आणि ताप उतरेपर्यंत पेज घेऊन त्याच येत राहिल्या. घरमालकाला भाडेकरूचा आजार तेव्हाही आधी कळायचा.

त्यांनी सुजयला फोन लावला.

"आई, हळवी होऊ नकोस," सगळं ऐकून तो म्हणाला. "नव्या मालकांची हीच चूक होते. भाडेकरूला नातेवाईक करून ठेवतात. ती जाईल तिच्या आई-वडिलांकडे."

"आणि तिला कळायलाच उशीर झाला तर?"

"ते डॉक्टर बघतील. तू सांगितलंस आणि ती कोर्टात गेली तर? तो अहवाल मालकाचा असतो, आई. तू राहतेस त्या फ्लॅटचे नाही का मला येत..."



यजमान गेल्यावर, मागाहून कटकट नको म्हणून, राहता फ्लॅट इंदूताईंनी आपणहून सुजयच्या नावावर करून दिला होता.

"काय येतं तुला?"

"काही नाही गं. ओलीबिलीचं." तो घाईने पुढे म्हणाला, "मी काय म्हणतो, या दिवाळीला पुण्यालाच ये. तू राहतेस तो फ्लॅट विकून टाकू आता. गिऱ्हाईकही आलंय एक."

"सुजय, भिंत काय म्हणाली?"

"मीटिंग आहे आई, ठेवतो."

दारावर टकटक झाली. "मावशी, हाय का घरात?" रोहिणी वाटी घेऊन उभी होती. "या खेपेला हिरवे बेदाणे आणलेत. आणि कराराचं काय ते सांगा. नाहीतर माझे आई-बाबा म्हणतील, म्हातारीने पोरीला हाकललं!" ती हसली, आणि हसता हसता खोकली. बारीकसाच खोकला. कालपर्यंत इंदूताईंनी तो ऐकलाही नसता.

त्या बाहेर आल्या आणि दार ओढून घेतलं. जिन्याच्या बोळात बिल्डरने पैसे वाचवून साधा चुना फासला होता. तो काही हुंगत नव्हता.

"करार होईल. पण आधी आजच्या आज मिशन हॉस्पिटलात जाऊन छातीचा फोटो काढून घे."

"का ओ? एवढ्याशा खोकल्याला?"

इंदूताईंनी सगळं सांगितलं. रोहिणीच्या हातातली वाटी कलली, चार बेदाणे फरशीवर सांडले. मग तिने इंदूताईंच्या बंद दाराकडे पाहिलं.

"मावशी, तुमच्याकडंबी तोच रंग हाय की."

"आहे."

"मग तुम्हाला काय सांगितलं त्यानं?"

"मला कसं सांगेल? या घराची मालकीण मी नाही."

रोहिणीने वाटी खाली ठेवली आणि त्यांचा हात घट्ट धरला. "चला. दोघींचाबी फोटो काढू. चपला घाला."

चपला आत होत्या. इंदूताई दार उघडून घरात शिरल्या. फिकट पिवळ्या भिंती, यजमानांचा फोटो, पूजेचा विझत आलेला दिवा, सारं जागच्या जागी होतं. चपलांत पाय सरकवताना छाती जड झाली, तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की उंबऱ्याच्या आत आल्यापासून आपण श्वास रोखून धरला आहे.

स्वतःच्याच घरात माणूस असा किती वेळ उभा राहू शकेल?