पायगुणाची परीक्षा

धम्मरत्न घरात असला की माडीवरच्या खोलीत इंटरनेट चालायचे. तो गेला की बंद पडायचे.

त्याची आणि अंजलीची गाठ चिंचवडच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात पडली होती. घरातल्या विजेच्या तारांमधूनच इंटरनेट नेणाऱ्या अडॅप्टरांची शेवटची जोडी काउंटरवर होती. एक अंजलीने उचलला, दुसरा त्याने.

"एकटा घेऊन काय करणार तुम्ही?" तिने विचारले.

"तेच तुम्हाला विचारणार होतो." त्याने आपल्या हातातला तिच्यापुढे धरला. "घ्या. चालला तर कळवा… नाही चालला तरी कळवा."

चालला नाही; तिने कळवले.

रविवारी तो रावेतहून आला. एक अडॅप्टर त्याने खाली राउटरजवळ खोवला, दुसरा वर तिच्या टेबलाशी. नव्या रंगाच्या भिंतीला भोक न पाडता नेटवर्क माडीवर पोहोचले. अंजलीच्या आईने, जाईबाईंनी, त्याला आल्याचा चहा पाजला, गप्पा मारल्या. तो गेला, आणि थोड्याच वेळात नेटवर्कही गेले. पुढचे सगळे रविवार असेच.

"पोराचा पायगुण चांगलाय बघ," जाईबाई म्हणाल्या.

"आई, आपण पायगुण कधीपासून मानायला लागलो? आणि तो नव्या सुनेचा बघतात!"

"मग आपण जावयाचा बघू."

अंजली रागावली… निदान तिला तसे वाटले. हिंजवडीतल्या कंपनीसाठी ती आकडेवारी तपासायची. दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असे मानणे तिच्या लेखी पाप होते. तिने सॉकेट बदलून पाहिले, अडॅप्टरांची अदलाबदल केली, फ्रीज बंद ठेवला. उलगडा होईना. त्यात आणखी एक निरीक्षण, जे तिने कोणालाच सांगितले नाही: नेटवर्क तुटले की तिला बरे वाटू लागले होते. कारण सापडले असते, तर त्याचे येणे थांबले असते.

मग एका रविवारी, तो समोर बसलेला असतानाच, अडॅप्टरचा हिरवा दिवा विझला.

दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. खालून खडखडाट ऐकू येत होता. शेजारच्या चिमाबाई ब्लाउजसाठी खोळंबल्या होत्या, म्हणून जाईबाईंनी शिलाई मशीन चालू केले होते. एरवी घरात पाहुणा असला की त्या मशीनला हात लावत नसत. माणूस गेला की मगच पुन्हा शिवायला बसत.

अंजली जिन्यात धावली. "आई, थांबव!"

"आलं!" धम्मरत्न वरून ओरडला.

"चालव."

"गेलं!"

"थांबव."

"आलं!"

"अगं, बाई ताटकळल्यात!" जाईबाई वैतागल्या. "खेळ मांडलाय का?"

मशीनच्या मोटारीत उडणाऱ्या ठिणग्या पाहून अंजली सावकाश वर आली. गप्प राहणे सोपे होते. एक रविवार, निदान एक तरी, आणखी मिळाला असता…

"सापडलं," ती म्हणाली. "मशीनच्या मोटारीतले कार्बन ब्रश झिजलेत. ठिणग्या उडतात, त्यांचा गोंगाट तारांत शिरतो. तुमचा नेटवर्कवर काडीचाही परिणाम नाही."

"ब्रश बदलून देतो मी." तो बोटांनी उगाचच वायर गुंडाळत राहिला. "म्हणजे आता… बोलावण्याचं कारण संपलं."

"ते कारण नव्हतंच."

"मागच्या रविवारीही मी काही दुरुस्त केलं नव्हतं. नुसता बसलो होतो."

"माझ्याकडे बघत. माहीत आहे मला."

त्याचे कान लाल झाले. "मग खरं कारण काय, अंजली? नीट सांगा."

खाली मशीन पुन्हा सुरू झाले. दिवा विझला, आणि दोघांपैकी कोणीही त्याकडे पाहिले नाही.

"तुम्ही मला आवडता," अंजली म्हणाली. "म्हणून बोलावत होते."