इद्रीसभाईंच्या डोळ्यांची आखणी

“माझे डोळे मी समोर बसल्याशिवाय काढू नको हां, अरविंद. तोपर्यंत आंधळाच बरा मी.”

बॅग उचलता उचलता इद्रीसभाई एवढंच बोलले होते. हसत बोलले होते.

मी रोज तिन्हीसांजेला निरांजन लावते. आत्ताही ते समोर तेवतंय आणि त्याच्यासमोर बसून मी हे लिहितेय. यातलं अक्षरही खोटं नाही. उज्वलावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अरविंददादाची बायको. बरंचसं त्यांनी मला सांगितलं. शेवटचं मी स्वतः पाहिलं. ज्यांना पटणार नाही त्यांनी गोष्ट म्हणून वाचावं. मला मात्र आजही सुताराने लोखंडी टेप सोडली की अंगावर सरसरून काटा येतो.

साल शहाण्णव. सानपाडा. भाद्रपदातला पितृपंधरवडा.

दादा बेलापूरला एका कंपनीत नकाशे काढायचा. इद्रीसभाई आणि शकिलाभाभी खालच्या मजल्यावर राहायचे. मूळचे म्हसळ्याकडचे. इद्रीसभाई बोटीवर नोकरीला होते. बोटीवरची माणसं परदेशातून सेंट आणतात, टेपरेकॉर्डर आणतात. इद्रीसभाई शिशाचे सैनिक आणायचे. अंगठ्याएवढे. बिनरंगाचे.

आणि दोघं मिळून ते रंगवायचे.

आतल्या खोलीत दादाने मोठं टेबल बनवून घेतलं होतं. त्यावर हिरवं कापड, थर्माकोलचे डोंगर, काड्यांची झाडं. तिथे दोघांची लढाई चालायची. पाळीपाळीने चाल. लोखंडी टेपने अंतर मोजायचं, तेवढंच सैन्य पुढे सरकवायचं, फासे टाकायचे. ज्याचा सैनिक पडला त्याने तो उचलून बिस्किटाच्या डब्यात ठेवायचा.

दादाचे मावळे होते. परदेशी सैनिकांच्या टोप्या कापून, एम-सीलची पागोटी वळून केलेले. इद्रीसभाईंची फौज मात्र हाडांची. नुसते सांगाडे. हातात गंजक्या तलवारी.

“अरे, माणसं आण की बाजारातून,” दादा चिडवायचा. “ही काय मसणवट उभी केलीस?”

“सरदार, तुझे मावळे मरतात. माझे मरत नाय. आधीच मेलेत ना!”

“वहिनी, ह्यांना चहा नका देऊ हां,” शकिलाभाभी दारातून म्हणायच्या. “घरी पोळ्या थंड झाल्या. ह्यांचं आपलं युद्ध चाललंय.”

असं सगळं होतं. हसणं, चहा, रंगाचा वास.

दोघांनी एक गंमत ठरवली होती. दोन्ही फौजांच्या सरदारांना आपापलेच चेहरे द्यायचे. पण रंगवायचे एकमेकांनी. दादाच्या घोडेस्वाराला इद्रीसभाईंनी दादाचं नाक दिलं, दादाची मिशी दिली. सांगाड्यांच्या काळ्या डगल्यातल्या सरदाराला दादाने इद्रीसभाईंची दाढी दिली, कपाळावरचा व्रणसुद्धा दिला.

राहिले फक्त डोळे. ते शेवटी. माणूस समोर बसवून, त्याच्याकडे बघून काढायचे.

तेवढ्यात बोटीचं बोलावणं आलं.

“आल्यावर तुझे मी काढतो, माझे तू काढ. समोरासमोर. वादा,” इद्रीसभाई म्हणाले. आपली पत्र्याची खुर्ची त्यांनी घडी करून भिंतीला लावली. लढाई अर्धी होती. चाल त्यांची होती.

बोट मुक्कामाला पोचली.

इद्रीसभाई पोचले नाहीत.

वादळ नाही, भांडण नाही. सकाळी त्यांचा बिछाना रिकामा होता, एवढंच कंपनीने कळवलं. समुद्राने काहीच परत दिलं नाही.

शकिलाभाभी वहिनींच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाल्या, “मय्यत नाय, कबर नाय. मी कुटं जाऊन रडू, वहिनी?”

दादा रडलाच नाही. तो रोज कामावरून येऊन त्या टेबलापाशी बसू लागला. समोर भिंतीला लावलेली खुर्ची. टेबलावर बिनडोळ्यांचा सरदार. दादा बघत बसायचा. जेवायला हाक मारली तर म्हणायचा, “त्याची चाल आहे. होऊ दे.”

वहिनींचं माहेर पेणजवळचं. वडिलांचा गणपतीचा कारखाना. लग्नानंतरही दरवर्षी गणपतीआधी त्या माहेरी जायच्या, कारण डोळ्यांची आखणी करावी तर त्यांच्याच हाताने. बुबुळ अशा बेताने ठेवायच्या की माणूस खोलीत कुठेही उभा राहिला तरी देव आपल्याकडेच बघतोय असं वाटावं. आणि त्यांचे वडील एक गोष्ट कटाक्षाने पाळायचे. आखणीवाचून राहिलेली मूर्ती घरात ठेवायची नाही. म्हणायचे, “बिनडोळ्यांच्या मूर्तीत कुणीपण येऊन बसतं गं.”

त्या वर्षी वहिनी माहेराहून परतल्या तेव्हा पितृपंधरवडा लागला होता.

दादा कामावर गेला होता. दुपार टळली होती. वहिनी केर काढायला आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांची नजर त्या चेहऱ्यावर पडली. दाढी आहे, व्रण आहे, डोळ्यांच्या जागी नुसती कातडी. पितरांचे दिवस. घरात असा चेहरा.

‘माझे डोळे मी समोर बसल्याशिवाय...’

त्यांना आठवलं नाही असं नाही. पण ज्याला आता यायचंच नाही त्याची वाट किती बघायची? एकदा डोळे झाले की ह्यांचंही मन सुटेल... असं त्यांना वाटलं.

त्यांनी हातपाय धुतले. देवाला नमस्कार केला. माहेरचा बारीक ब्रश काढला आणि खसखशीएवढे दोन डोळे काढले. हात सवयीने चालला. जशी देवाची आखणी करतात, तशीच.

दुसरं बुबुळ टेकवलं... आणि मागे पत्रा वाजला.

कर्रर्र...

वहिनींनी वळून पाहिलं.

खोलीत कुणी नव्हतं.

भिंतीला लावलेली खुर्ची उघडलेली होती. टेबलासमोर मांडलेली होती.

डोळे काढायचे तर इद्रीसभाई समोर बसलेले हवेत. डोळे तर काढून झाले होते.

त्या संध्याकाळी दादा घरात आला तो हसतच. चपला काढायच्या आत म्हणाला, “आलास होय रे?”

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. आतून आवाज आला.

सर्रर्र... टक्.

टेप ओढल्याचा. टेप सोडल्याचा.

मग फासे.

त्यांनी डोकावून पाहिलं तर दादा आपल्या जागी, हात मांडीवर. टेप पलीकडच्या बाजूला. आणि सांगाड्यांची अख्खी रांग पुढे सरकलेली.

तेव्हापासून दादा पोटभर जेवू लागला. गाणं गुणगुणू लागला. वहिनींना रडावं की देवाला साखर ठेवावी कळेना.

मग एका सकाळी टेबल पुसताना त्या थबकल्या.

घोडेस्वाराच्या, म्हणजे दादाचा चेहरा असलेल्या सरदाराच्या, डाव्या डोळ्यात पांढरा ठिपका होता. शेजारी ब्रश. केस अजून ओले.

“अहो, हे तुम्ही रंगवलंत?”

“मी कशाला? माझे डोळे त्याने काढायचेत,” दादा म्हणाला. मग डावा डोळा चोळत म्हणाला, “उज्वला, घरात धूर झालाय का गं?”

धूर नव्हता.

पांढऱ्यावर बुबुळ आलं आणि दादाच्या डाव्या डोळ्यापुढे काळोख आला. वाशीच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. म्हणाले, डोळा ठणठणीत आहे.

त्या दिवशी पहिल्यांदा दादा घाबरला. वहिनी देवापुढे दिवा लावत होत्या. रोजचा नेम तो, तापातही चुकला नव्हता. दादा मागे येऊन उभा राहिला. बारक्या आवाजात म्हणाला, “मला तो घेऊन चाललाय बहुतेक. तिथे एकट्याला सोडू नकोस मला.”

“नाही सोडणार,” वहिनी म्हणाल्या. पेटलेलं निरांजन त्यांच्या हातात होतं.

शब्द दिला तो असा दिला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी टर्पेंटाइनचा बोळा घेतला. काळ्या डगल्यातल्या सरदाराचे डोळे पुसायला गेल्या. पुसून पुसून दाढी गेली, व्रण गेला, खालचं शिसं दिसू लागलं.

डोळे तसेच.

त्यांच्याकडे बघत.

मग त्या खाली गेल्या आणि शकिलाभाभींना सगळं सांगितलं. भाभी उठल्या. डोक्यावर ओढणी घेऊन वर आल्या. तिन्हीसांज होती. आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या,

“अहो... घरी चला ना. पोळ्या थंड होतात.”

खोली चिडीचूप.

“मी शकिला. बघा तरी इकडं.”

सर्रर्र... टक्.

चाल झाली. एवढंच.

भाभी जिन्यापर्यंत आल्या आणि पायरीवर बसल्या. “ते मला बघत नाय, वहिनी. मी बायको ना त्यांची! तुमी असे कसे डोळे काढलेत? ह्या खोलीबाहेर काय दिसतच नाय त्यांना.”

देव गाभाऱ्यातून हलत नाही. त्याची नजर गाभाऱ्यातल्या माणसावरून हटत नाही. डोळे वहिनींनी तसेच काढले होते. त्यांना दुसरे येतच नव्हते.

आता राहिला उजवा डोळा.

वहिनींनी ब्रश जाळले. रंगाच्या डब्या कचऱ्यात टाकल्या. दादाला कऱ्हाडला आमच्या गावी न्यायचं ठरवलं. दादा निमूट तयार झाला. बॅगा भरल्या, रिक्षा खाली आली... आणि दादा आतल्या खोलीत जाऊन बसला.

“एवढी चाल होऊ दे,” म्हणाला.

वहिनी त्याच्यामागे गेल्या. दादा आणि ती रिकामी खुर्ची, यांच्यामध्ये जाऊन उभ्या राहिल्या. दादाचं तोंड दोन्ही हातांत धरलं. “माझ्याकडे बघा. माझ्याकडेच बघायचं. दुसरीकडे नाही.”

दादा बघत होता. उजवा डोळा भरून आला होता.

“बघतोय गं,” तो म्हणाला.

वहिनींच्या पाठीला गारवा लागला. ओल्या दोरखंडाचा वास आला. त्यांच्या खांद्यावरून, पदराला जराही न लागता, काहीतरी पुढे गेलं...

“बघतोय...” दादा म्हणाला.

मग म्हणाला, “उज्वला, तू कुठे गेलीस?”

त्याचं तोंड अजून त्यांच्या हातांत होतं.

वहिनी म्हणायच्या, मागे वळून घोडेस्वाराचा उजवा डोळा बघायची गरजच नव्हती.

दादाला त्यानंतर काही दिसलं नाही. घर नाही, उजेड नाही, वहिनी नाही. दिसायचं ते फक्त टेबल. टेबलावरचा सैनिक न् सैनिक. आणि समोर इद्रीसभाई. तासन् तास दोघांच्या गप्पा चालायच्या. ऐकू यायचा तो फक्त दादा. मधेच केविलवाणा होऊन विचारायचा, “उज्वला दिसत नाही रे. तू पाहिलीस का तिला?”

त्या जेवण घेऊन शेजारीच उभ्या असायच्या.

कार्तिकात वहिनींनी मला पनवेलहून बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. त्यांनी हिरवं लुगडं नेसलं होतं. कपाळाला ठसठशीत कुंकू. माझ्या हातात निरांजन दिलं.

“वन्सं, माझा नेम तुम्ही घ्या. एक दिवस चुकवू नका.”

“आणि तुम्ही, वहिनी?”

त्या मला आतल्या खोलीच्या दारापर्यंत घेऊन गेल्या. टेबलावर दोन्ही सरदार समोरासमोर उभे होते. एक काळ्या डगल्यातला, एक घोड्यावरचा. आणि दोघांच्या मध्ये... एक बाई. अंगठ्याएवढी. एम-सीलची. हातात दिवा, अंगावर हिरवं लुगडं, कपाळाला कुंकू.

डोळ्यांच्या जागी काही नव्हतं.

“सुमे, आलीस का?” दादाने आवाजावरून मला ओळखलं. त्याच्या हातात नवा ब्रश होता. आंधळ्याचा हात, पण थरथर म्हणून नाही. “तुझ्या वहिनीला समोर येऊन बसायला सांग ना. समोर बसली की मला दिसेल ती.”

मी वहिनींचा दंड धरला. “नका जाऊ. पाया पडते तुमच्या. तुम्हाला कळतंय ना काय होईल?”

“कळतंय.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. “पण दिवा हातात घेऊन शब्द दिलाय, वन्सं. ते तिथे एकटे आहेत. मला शोधतात.”

त्यापुढचं मी सांगू शकत नाही. ती खोली आता बंद असते. चावी शकिलाभाभींकडे आहे. रोज संध्याकाळी त्या बंद दाराबाहेर दोन थाळ्या ठेवतात आणि सकाळी उचलतात. थाळ्या भरलेल्या असतात की रिकाम्या, ते मी विचारलेलं नाही. त्यांनीही सांगितलेलं नाही. मी नेम चालवते. वाऱ्याचं नाव नसताना ज्योत एकाच बाजूला झुकते, सानपाड्याच्या बाजूला, तेव्हा मी डोळे मिटून घेते.

त्या दिवशी मात्र उघडे होते.

वहिनींनी माझा हात हलकेच सोडवला. पदर सारखा केला. भिंतीजवळचं स्टूल उचललं, आवाज होऊ न देता दोन खुर्च्यांच्या मध्ये मांडलं.

“दार ओढून घ्या, वन्सं.”

आणि त्या दादासमोर बसायला निघाल्या.