न मोजलेली उजवी बाजू

पटणार नाही तुम्हाला. मलाही पटायला वेळ लागला. पण हे माझ्याच टेबलावर घडलं… मंगळवारी, भर दुपारी सव्वातीनला.

आमच्या कारखान्यात मिश्रधातूचा खांब पुन्हा वितळवतात. थेंब थेंब तो खालच्या तांब्याच्या भांड्यात उतरतो, थिजतो. भांड्याबाहेरून गार पाणी फिरतं. भांडं फुटून ते पाणी धातूला लागलं, की स्फोट.

धातू कसा थिजेल हे मी कॉम्प्युटरवर मोजते. माझा थोरला भाऊ प्रत्यक्ष भट्टीवर असतो.

वेळ वाचवायला आम्ही अर्धंच भांडं मोजतो. डावं. उजवं म्हणजे त्याचीच उलटी छाप, आरशात दिसावी तशी.

त्या दुपारी पडद्यावर डावी कड निळी होती, म्हणजे गार; निवांत, निजल्या पाण्यासारखी.

आणि उजव्या कडेला… एक लाल, तापलेला ठिपका.

छापेत असं वेगळं काही येऊच शकत नाही.

मी सगळं पुसलं. पुन्हा चालवलं.

ठिपका वाढला होता.

डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. आवाज येत होता थेंबांचा… टप… टप… माझ्या खुर्चीमागे.

मी वळले नाही. फोन लावला.

“दादा, भट्टी बंद कर. उजवी कड तापलीये.”

“चिमणे, उजवी तू मोजतेस कधी? आता सावलीलाही ताप यायला लागला का?”

“दादा, पाया पडते तुझ्या.”

फोनमधून भट्टीचा खटका पडल्याचा आवाज आला.

मागचे थेंब थांबले.

भांडं उघडलं तेव्हा उजवीकडचं तांबं कांद्याच्या पापुद्र्याइतकं उरलं होतं. दादाने माझ्या डोक्यात टपली मारली.

इथे संपायला हवं होतं.

पण ती फाइल बंद करूनही, रोज सकाळी उघडते तर उजवी बाजू थोडी पुढे सरकलेली असते. तिथे भांडं फुटलंय. आणि बाहेर, दादा उभा राहतो त्या भट्टीच्या मचाणावर… एक लाल उभा डाग. माणसाच्या उंचीचा.

माझ्या गणितात मचाण मांडलेलंच नाही.

आज नवं भांडं बसलंय. दादाची पाळी आहे. सांगून ऐकेना, म्हणून मी त्याचे बूट माळ्यावर दडवलेत. तो घरभर शोधतोय, हसतोय.

“चिमणे, मुकाट्याने दे, नाहीतर चपला घालून जाईन!”

आत्ताच बाहेरचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला…

त्याच्या चपला दडवायच्या राहिल्या माझ्याकडून.