ग्राहकाने नाकारले

गोंदिया जंक्शनवर सिग्नल विभागात माझी उभी हयात गेली. सिग्नल लाल का झाला, याला कारण असतंच. तार तुटते, रिले चिकटतो, उंदीर केबल कुरतडतात. कारण सापडेपर्यंत शोधत राहायचं, एवढंच आमचं काम. म्हणून हवेच्या गादीचं पार्सल पहिल्यांदा परत गेलं तेव्हा मी घाबरलो नाही, चिडलो.

गादी अल्कासाठी होती. अल्का म्हणजे माझी बायको. उन्हाळ्यात तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. अर्जुनीकडच्या खेड्यातली ती, अंगणवाडीत नोकरी केलेली. आमच्या फुलचूरच्या घरातून तिनं हाक मारली की मागच्या राइस मिलच्या गेटापर्यंत ऐकू जायची. त्या बाईच्या तोंडून आता साधा हुंकारही निघत नव्हता. पडून पडून पाठीला जखमा झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, मोटरवर चालणारी हवेची गादी घ्या. तिच्यातल्या नळ्या आळीपाळीनं फुगतात, त्यामुळे एकाच जागी भार पडत नाही. बाजारातला दुकानदार म्हणाला, नागपूरहून मागवावी लागेल, पण केव्हा येईल ते सांगता येत नाही. बंगळुरूहून आमच्या मुलीनं, रुचीनं, फोनवर सांगितलं, "बाबा, ऑनलाइन मागवा ना. घरपोच येते."

मागवली. ठरलेल्या दिवशी ड्युटीवर असताना मोबाइलवर मेसेज आला : 'ग्राहकाने पार्सल घेण्यास नकार दिला. वस्तू परत पाठवली जात आहे.'

कस्टमर केअरला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "गैरसोयीबद्दल क्षमस्व सर. आमचे प्रतिनिधी आपल्या पत्त्यावर आले होते."

"कुणीही आलं नाही. घरी माणूस असतो दिवसभर."

"सर, नकार घरातूनच दिला गेला असं दिसतंय."

हे लोक ऊन चुकवायला असं करतात, हे मला ठाऊक होतं. येतच नाहीत आणि मोबाइलवर एक बटन दाबून मोकळे होतात. मी पुन्हा मागवली. पुन्हा तोच मेसेज आला.

तेव्हा मी ड्युटी संपल्यावर बालाघाट रोडवरचं त्यांचं ऑफिस गाठलं. आमच्या भागाला पार्सल आणणारा दुलीचंद शटरजवळ खोकी रचत होता. चाळिशीचा, शांत माणूस. मी आवाज चढवला तरी त्यानं चढवला नाही.

"भाऊ, मैं आया था. दोनो बार आया," तो म्हणाला. "बेल बजाया. अंदर से बाई बोली, वापस ले जा."

"कोण बाई?"

"दिखी नहीं. आवाज आया. जोर का आवाज है." मग तो तिचे शब्द तिच्याच बोलीत म्हणाला, "'कायले आनलास? ने वापस. रुचीच्या बाबाले मी सांगतो.'"

मला रुचीचे बाबा म्हणणारी जगात एकच व्यक्ती होती.

पण मी कारण शोधणारा माणूस. घरात दिवसभर सुमनबाई असायच्या. गल्लीतल्याच, विधवा, अल्काला भरवायच्या, पुसायच्या, कूस बदलून द्यायच्या. अल्का मला तशी हाक मारताना त्यांनी कधी ना कधी ऐकलं असणार. गादी आली तर आपलं काम जाईल, या भीतीनं सुमनबाईच पार्सल परत पाठवत असतील. दुसरं काय असणार?

संध्याकाळी मी त्यांना विचारलं. विचारलं कसलं, आरोपच केला.

"मी इथंच बसून होती भाऊ," सुमनबाई म्हणाल्या. "बेल वाजली नाही. कोनी आलं नाही."

"मग माझ्या बायकोनं परत पाठवलं का?"

त्यांनी खुंटीवरची पिशवी काढून खांद्याला लावली. दारात वळून म्हणाल्या, "सांगनार नव्हती. मी तिले भिंतीकडे कूस करून देतो. पानी आनाले जातो, वापस येतो, त तोंड दरवाज्याकडे रायते. आता तुमीच पाहा."

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. बोलवायला गेलो तर घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, लेकीकडे गेल्या, तिरोड्याला.

मानेत थोडी हालचाल उरली असेल, असं मी स्वतःला समजावलं. बिनपगारी रजा टाकली. आता सगळं मलाच करावं लागत होतं. भिजलेली चादर काढायची, जखमा धुवायच्या, तांदळाची पातळ कण्हेरी चमच्यानं घशाखाली उतरवायची. मिलच्या कोंड्याची काळी राख खिडकीतून आत यायची आणि तिच्या पांढऱ्या उशीवर बसायची. मी ती झटकायचो, परत बसायची. नागपूरला जाऊन गादी आणावी म्हटलं, तर तिच्याजवळ बसायला कुणी उरलं नव्हतं. जखमेचा वास घरभर झाला. येणारे जाणारे हळूहळू फाटकातूनच विचारपूस करून परतायला लागले. त्या दिवसांत मी तिच्याशी खूप बोललो. ती छताकडे बघत राहायची.

तिसऱ्यांदा गादी मागवली आणि त्या दिवशी फाटकापाशीच खुर्ची टाकून बसलो.

दुपारी दुलीचंद आला. गाडी उभी केली, मोठं खोकं काढलं आणि माझ्याकडे येता येता थांबला. माझ्या खांद्यावरून घराकडे बघत राहिला.

"दे इकडे," मी म्हणालो.

"भाऊ, मत लो. अभी भी बोल रही है."

मी कान दिला. मिलची घरघर होती. कुठंतरी कुकरची शिट्टी वाजली. बाकी काही नाही.

"काय बोलून राहिली?"

त्यानं मान खाली घातली. "बोल रही है, 'कायले जखडून ठेवता मले? जाऊ द्या.'"

मी खोकं त्याच्या हातातून ओढून घेतलं. ओटीपी सांगितला. तो टाकताना त्याचा आकडा दोनदा चुकला.

आत गेलो. सकाळी मी तिला भिंतीकडे कूस करून दिली होती.

तिचं तोंड दाराकडे होतं. ओठ मिटलेले होते. डोळ्यांतून पाणी येऊन उशी ओली झाली होती.

मी गादी अंथरली, मोटर लावली. नळ्या फुगत गेल्या आणि तिचं हलकं झालेलं शरीर सावकाश वर उचललं गेलं. मला रडू फुटलं. वाटलं, आता ही सुधारेल.

आणि जखमा खरंच भरायला लागल्या. डॉक्टरही खूश झाले. पण त्याच सुमारास अल्कानं दात आवळून धरायला सुरुवात केली. चमचा आत जाईना. नाकातून नळी टाकली, ती रोज निघालेली असायची. "पेशंटचीच इच्छा दिसत नाही," डॉक्टर एकदा बोलून गेले आणि गडबडून दुसऱ्या विषयावर वळले. मधेच गादीची मोटर आपोआप बंद पडायला लागली. मी तिची तारन् तार तपासली. दोष सापडला नाही. कंपनीकडे तक्रार टाकली. 'आपली विनंती आम्हाला मिळाली आहे,' एवढंच उत्तर आलं.

दिवाळीच्या तोंडावर अल्का गेली. शेवटची आंघोळ घालताना गल्लीतल्या बायकांनी बंगळुरूहून आलेल्या रुचीला तिच्या आईची पाठ दाखवली. एकही जखम उरली नव्हती. कातडी कोवळी, गुलाबी दिसत होती. एवढंच मला जमलं होतं.

जलदानविधी झाला. रुची मला सोबत चला म्हणत होती. मी म्हणालो, थोडं आवरतो, मग येतो. ती गेली आणि घरात मी एकटा उरलो. भूक लागत नव्हती. दोन्ही वेळा चहा करायचो आणि तो कपातच गार व्हायचा. अल्काचा पलंग हलवायचं धैर्य होत नव्हतं.

अशात कंपनीचा मेसेज आला : 'आपली तक्रार मान्य झाली आहे. सदोष वस्तू परत नेण्यासाठी आमचे प्रतिनिधी येतील.'

मला बरंच वाटलं. ती वस्तू घरातून जायलाच हवी होती. मी गादीची हवा काढली, ती गुंडाळली, मोटरसकट खोक्यात भरून फाटकाशी आणून ठेवली.

दुलीचंद सकाळी आला. गाडीवरून उतरला नाही. इंजिन चालूच ठेवलं.

"हे घे," मी म्हणालो.

तो घराकडे बघत होता.

"घरात कुणी नाही, दुलीचंद. ती गेली."

"मालूम है भाऊ."

"मग उचल ना."

त्यानं खोक्याकडे पाहिलंही नाही. "रहने दो भाऊ. वो मना कर रही है."

मिल त्या दिवशी बंद होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी जीव कानात आणून ऐकलं.

"काय म्हणते?"

तो माझ्याकडे न बघता, तिच्या त्या ठसक्यात म्हणाला, "'ठेव म्हना ते. रुचीच्या बाबाले लागन.'"

त्यानं गाडी वळवली आणि निघून गेला. खोकं तसंच फाटकाशी राहिलं. मी घरात येऊन पलंगाच्या कडेला टेकलो. मोबाइल वाजला : 'ग्राहकाने वस्तू परत देण्यास नकार दिला.'

माझं डोकं तडकलं. मी कस्टमर केअरला फोन लावला. या खेपेला गाणं वाजलं नाही, लगेच उचलला.

"नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकते?"

मी सगळं सांगितलं. मी नकार दिलेला नाही, खोकं फाटकाशी ठेवलंय, आजच्या आज माणूस पाठवा आणि ही गादी माझ्या घरातून घेऊन जा.

पलीकडे शांतता होती.

"हॅलो? सर?"

मी पुन्हा सांगितलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मला माझं अक्षर न् अक्षर नीट ऐकू येत होतं.

"सर, आपला आवाज येतोय," ती मुलगी जरा घाबरून म्हणाली, "पण आपण काय बोलताय, ते एकही शब्द कळत नाहीये. घरात दुसरं कुणी आहे का?"