शेवटच्या अंकाचं कूपन

पिक्चर सुटला, मी ओढणीनं डोळे पुसत बाहेर आले आणि पाहते तर तोंडासमोर माईक.

"मॅडम, कसा वाटला वीजधर?"

माईकमागे एक उंच, सावळा मुलगा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि चेहरा असा गंभीर, की जणू मी काय बोलते त्यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरणार होतं.

वीजधर म्हणजे आमच्या लहानपणीचं चित्रकथेचं मासिक. अंगावर वीज पडूनही वाचलेला लाइनमन, आणि त्याचा धाकटा भाऊ छोटू. दहा वर्षांपूर्वी ते बंद पडलं. आता त्यावर पिक्चर निघाला, तर अंबाजोगाईत पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला आमच्या वयाची सगळी पोरं हजर! आणि सगळी भडकलेली.

"वाट लावली बे! कॉमिकमधी छोटू मरतो!"

"डायरेक्टरनं शेवटचा अंक उघडून तरी बघितला का?"

पिक्चरमध्ये वीजधर छोटूला वाचवतो. एवढाच बदल. पण लोक असे चिडले होते, जसं कोणी त्यांच्या घरातली वस्तू न विचारता हलवली.

"मॅडम... बोला की."

"वाचवलं त्याला," मी म्हणाले. "लई बरं केलं..."

पुढे बोलता आलं नाही. रडू फुटलं, ते काही केल्या आवरेना. भर गर्दीत, हातात रिकामी पाण्याची बाटली घेऊन मी हुंदके देत उभी. त्या मुलानं हळूच माईक खाली घेतला आणि लोकांकडे पाठ करून माझ्यासमोर आड उभा राहिला.

"जावा तुमी," तो हलक्या आवाजात म्हणाला. "ह्यातलं काई टाकत न्हाई मी."

मला वाटलं, चांगला आहे मुलगा.

दुसऱ्या दिवशी बी.एड.च्या वर्गात शिरले, तर मागच्या बाकावरून कोणीतरी बारीक आवाजात, "वाचवलं त्याला... लई बरं केलं..." आणि हशा. माझी खोलीतली मैत्रीण मनिषा हिनं मला बाजूला घेऊन मोबाईल दाखवला. 'पब्लिक बोलती' नावाचं चॅनल. त्यावर मी. त्या मुलाच्या खांद्याआडूनही माझं रडणं स्पष्ट दिसत होतं. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'ताई कांदा कापून आल्या का?' आणि सगळ्यात जास्त पसंती मिळालेलं, 'कॉमिक न वाचता रडणारे लोक.'

कॉमिक न वाचता! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बसस्टँडवरचा पेपरवाला हाय तो," मनिषा म्हणाली. "उत्तरेश्वर. पण शीला, भांडू नको बरं का..."

भांडायलाच गेले. स्टँडच्या कोपऱ्यात ती टपरी, पुढे वर्तमानपत्रं आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. मला पाहताच तो उठून उभा राहिला. मी तोंड उघडायच्या आत त्यानं दोन्ही हात जोडले.

"लाईव्ह चालू होतं मॅडम. माईक खाली घेतला, पण तिपाईवर लावलेला मोबाईल बंद करायचा इसरलो. आत्ता सकाळी कळलं... तवाच काढून टाकलं बगा."

त्यानं मोबाईल पुढे केला. खरंच काढलं होतं.

"चॅनलवर आजपरेंत सगळ्यात जास्त तेच बघितलं गेलतं," तो म्हणाला. तक्रार नव्हती, नुसतं सांगितलं.

भांडायला आलेल्या माणसासमोर कोणी असं सरळ वागलं की पंचाईत होते. मी उगाच एक पुस्तक उचललं, ठेवलं.

"आणि ते 'कॉमिक न वाचता'... तुम्हीच लिहिलं असेल!"

"न्हाई हो! पण... खरं सांगू? पटलंच न्हाई मला तुमचं. छोटू मेला न्हाई तर वीजधर कशासाठी लढतो मग? सगळी कथाच त्याच्या मरणावर उभी हाय."

"तुमच्या घरात कोणी मेलंय का?"

त्यानं वर्तमानपत्रांची चळत उगाच सरळ केली. मग म्हणाला, "न्हाई."

"मग बोलू नका."

एवढं बोलून मी तरातरा निघून आले. आणि खोलीवर येऊन विचार करत बसले, की हा मनुष्य आता आपल्याशी पुन्हा बोलेल का? माझंही काही खरं नव्हतं.

तो बोलला. आठ दिवसांनी मी पाठाच्या तक्त्यांसाठी कागद आणायला गेले होते, तर टपरीतून हाक आली, नाव कुठून कळलं कोण जाणे. "शीलाताई..." मग जीभ चावून, "शीला मॅडम. चहा?"

"ताई म्हणाला होतात, तेच बरं होतं."

"न्हाई न्हाई," तो घाईघाईनं म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. "ते नको."

त्या दिवसापासून आमचं भांडण नीट लागलं. रोज पाच वाजता, स्टँडवरच्या चहाच्या गाड्यावर, वीजधर या विषयावर. पुढे कधीतरी त्याची 'मॅडम' सुटली. त्याच्याकडे सगळे अंक होते, पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. हात धुतल्याशिवाय तो कोणाला शिवू देत नसे. एकदा मी चहाच्या बोटांनी सातव्या अंकाकडे हात नेला, तर त्यानं चक्क माझं मनगट धरलं. मग काय धरलंय ते लक्षात आलं, आणि विस्तवावर हात पडावा तसं सोडलं.

"नळ... तिकडं हाय," तो म्हणाला.

मी हात धुऊन आले. मनगट मात्र तेवढं कोरडं ठेवलं. का, ते मलाच माहीत.

"मी सतरा पत्रं लिहिलीत त्यांना," एकदा तो सांगत होता. "प्रत्येक अंकाच्या मागं कूपन असायचं न्हाई का? ते कापून पत्राला चिकटवायचं, मगच ते वाचायचे. सतरा! एक छापलं न्हाई. आख्ख्या बीड जिल्ह्यातून एकाचंच छापून आलं, ते बी मासिक बंद पडल्यावर वाचकांच्या पत्रांचा शेवटचा विशेषांक काढला, त्यात. लई जळलो होतो त्या पोरावर."

मी हसले. "तुमच्या पत्रात असणार काय? चुका काढलेल्या."

"तुमाला कसं कळलं?"

आम्ही तो पिक्चर पुन्हा पाहिला, बरोबर. त्याला मला चूक दाखवायची होती म्हणे. पूर येतो, वीजधर तारेला लोंबकळत छोटूचा हात धरतो आणि सोडत नाही, तिथे मी शेजारी पाहिलं. उत्तरेश्वर खाली बुटांकडे बघत होता.

"डोळ्यात काय गेलं?"

"एसीचं हाय ते," तो म्हणाला. थिएटरात एसी नव्हता.

त्याच संध्याकाळी मी ठरवलं, की याला सांगायचं. दहा वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी वडवणीला घरी निघाले होते, गाडीला तासभर वेळ होता. टपरीमागच्या बाकावर बसले आणि पिशवीतून एक अंक काढून मांडीवर ठेवला. जुना, कडा मऊ पडलेला. वीजधर, शेवटचा भाग.

"हा माझ्या भावासाठी घेतला होता," मी म्हणाले. "इथूनच. तुमच्या बाबांकडून."

उत्तरेश्वर खाली पायरीवर बसला.

सुरज तेरा वर्षांचा होता आणि मी अकरावीत. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. अडीच महिने इथल्याच दवाखान्यात. बाबा शेताकडे आणि दवाखान्यात ये-जा करायचे, आई आणि मी आलटून पालटून त्याच्यापाशी. मी दर महिन्याला स्टँडवरून वीजधर नेऊन द्यायचे आणि तो एका दिवसात तीनदा वाचायचा. शेवटचा अंक घेतला तेव्हा मी इथेच उभ्यानं मागचं पान उघडलं. वीजधरच्या मांडीवर धाकटा भाऊ, डोळे मिटलेला...

"मी अंक मिटला," मी म्हणाले, "आणि माझ्या वह्यांच्या पिशवीत खाली घातला. तो रोज विचारायचा, ताई, आला का गं शेवटचा? मी म्हणायचे, नाही आला. बावीस दिवस. शेवटच्या दिवशी सकाळीसुद्धा विचारलं त्यानं. आणि मी..."

स्टँडवर कुठली तरी गाडी लागल्याची घोषणा झाली. मी ती संपेपर्यंत थांबले.

"मी तेव्हासुद्धा नाही आला म्हणाले. त्याला एकच गोष्ट हवी होती हो. शेवट काय झाला, एवढंच. ती पण मी दिली नाही. पिक्चरमध्ये छोटू वाचला ना, तेव्हा मला वाटलं, हा शेवट असता तर मी लपवलं नसतं. म्हणून रडले. मला कथा-बिथा काही कळत नाही."

उत्तरेश्वर शर्टाला हात पुसत राहिला फक्त.

"मी अजून वाचलेला नाही हा," मी म्हणाले. "उघडवतच नाही. तुम्ही वाचून दाखवाल?"

तो उठला, नळावर गेला, हात धुतले, पुसले आणि अंक घेतला. सवयीनं आधी मागचं पान उलटलं, कारण जुने अंक जमवणारा माणूस आधी कूपन जागेवर आहे का ते बघतो. आणि तो तिथेच थांबला.

"शीला... कूपन कोणी कापलं?"

"कोणी नाही. त्या दिवसानंतर हा कोणी उघडलाच नाही."

"कापलंय की. हे बगा."

खरंच. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात एक चौकोनी भोक होतं. वेडंवाकडं, कात्रीनं नाही, ब्लेडनं कापलेलं.

"तुमच्या बाबांनीच असा विकला असेल."

"बाबा कूपन कापलेला अंक इकतच नव्हते. लोक वापस आणायचे." त्याचा आवाज बदलला होता. "तुमच्या भावाचं पूर्ण नाव काय?"

"सुरज बद्रीनाथ मुंडे."

तो टपरीत पळाला. पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा हातात वाचकांच्या पत्रांचा तो शेवटचा विशेषांक होता. पान शोधावं लागलं नाही त्याला. ज्या पत्रावर तो इतकी वर्षं जळत होता, ते कुठल्या पानावर आहे हे त्याला पाठ होतं.

"नाव इसरलो होतो मी, रागानं पत्र बी कदी पुरतं वाचलं न्हाई," तो म्हणाला. "गाव न्हाई इसरलो. पण वडवणीत काय एकच घर हाय का, म्हणून कदी..." आणि त्यानं वाचायला सुरुवात केली.

*संपादक काकांना नमस्कार. मी आता दवाखान्यात आहे. शेवटचा भाग वाचला. छोटू मेला ते मला आवडलं नाही. पण वीजधर रडला नाही, ते त्याच्याहून आवडलं नाही. भाऊ मेल्यावर रडायला पाहिजे. नंतर पुन्हा लढता येतं. माझ्या ताईनं हा अंक माझ्यापासून लपवला आहे. ती औषध आणायला गेल्यावर मी पिशवीतून काढून वाचतो. मी तिला रोज विचारतो की आला का, म्हणजे तिला कळणार नाही मी वाचला. तिला कळलं तर ती रडेल. हे पत्र वॉर्डातल्या मावशी पेटीत टाकणार आहेत. ताईला सांगू नका. आपला वाचक, सुरज बद्रीनाथ मुंडे, वडवणी, जि. बीड.*

खाली संपादकांचं एका ओळीचं उत्तर होतं.

*सुरज, लवकर बरा हो. ताईला काही सांगत नाही.*

मी किती वेळ रडले माहीत नाही. समोरून माणसं जात होती, एक बाई थांबून बघून गेली. उत्तरेश्वरनं या वेळी आड उभं राहायचा प्रयत्न केला नाही. तो शेजारी बसला, आणि त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, एसी नसताना. दहा वर्षं मी समजत होते, की सुरज वाट बघत गेला. तो वाट बघत नव्हताच. तो मला सांभाळत होता.

घोषणा झाली. धारूरमार्गे वडवणी.

"हे घेऊन जावा," उत्तरेश्वरनं विशेषांक माझ्या हातात दिला. "आईला वाचून दाखवा."

"तुमच्याकडे एकच प्रत आहे ना ही?"

"एकच."

"माझे हात बघा कसे झालेत..." डोळ्यांचं पाणी, नाकाचं पाणी, सगळं हाताला होतं. "धुतलेले नाहीत."

"असू द्या," तो म्हणाला.

मी गाडीत चढले, खिडकीपाशी बसले. तो खाली उभा. काहीतरी बोलायचं होतं त्याला. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. एरवी लोकांच्या तोंडासमोर माईक धरणारा माणूस, आणि स्वतःचं बोलायची वेळ आली तर ही अवस्था! कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा कुठे त्यानं खिडकीचा गज धरला.

"मी सतरा पत्रं लिहिली, एकाचं बी उत्तर आलं न्हाई," तो भरभर म्हणाला. "अठरावं... तुमाला लिहू का?"

गाडी हलली. तो बरोबर चालू लागला, मग पळू लागला. मी गजावरच्या त्याच्या बोटांवर माझा न धुतलेला हात ठेवला.

"लिहा," मी म्हणाले. "मी लपवून नाही ठेवणार. पहिलं आईला दाखवीन."