काळी पाचची बासरी

चूक माझीच होती, पण त्या दिवशी मी ती कबूल केली नाही.

आषाढातली दुपार. बाहेर धो धो पाऊस. औरंगपुऱ्यातल्या बद्रीकाकांच्या रेडिओच्या दुकानावर एक खोली आहे, तिथं त्यांच्या ऑर्केस्ट्राची तालीम चालायची. मी धापा टाकत जिना चढले. दाराशी एक कापडी पिशवी उभी होती आणि तिच्यातून पाच-सहा काठ्या डोकावत होत्या. मला वाटलं, छत्र्या ठेवायची सोय! दिली माझी ओली छत्री त्यात खोचून.

"अहो बाई! बासऱ्या हायेत त्या!"

वळून पाहिलं तर एक उंच, सावळा तरुण. डोळ्यांत राग कमी, घाबरलेपणा जास्त. एकेक बासरी काढून शर्टाला पुसायला लागला, लेकराचं ओलं डोकं पुसावं तशी.

"मग पाटी लावायची ना," मी म्हणाले.

"कसली?"

"इथं बासऱ्या राहतात म्हणून."

तो हसला... आणि मी गेले कामातून!

मुंजाबा त्याचं नाव. देवगाव रंगारीचा. घरची दोनशे मेंढरं. पावसाळ्यात कळप गावी असतो, तेवढे चार महिने तो ऑर्केस्ट्रात वाजवायचा. दिवाळी झाली की बाप-लेक मेंढरं घेऊन चराईला निघणार, ते पुढच्या आषाढातच परतणार. बासरी तो रानातच शिकला. लिहिलेले सूर मात्र त्याला वाचता येत नव्हते, म्हणून बद्रीकाकांनी मला बोलावलं होतं. मी गाण्याच्या परीक्षा दिलेल्या, शिवाय कार्यक्रमाचं निवेदन करायची.

मुंजाबा एक धून बांधत होता. एकटी बासरी पुढं, मागं अख्खा ऑर्केस्ट्रा, वीस मिनिटं. गाणं नाही, शब्द नाही.

"चार शब्द घाला की कुठं," मी म्हटलं.

"शब्द नाय येत मला. म्हून तर वाजवतो."

तो एक ओळ वाजवायचा, मी ती गुणगुणून बरोबर आहे का विचारायची आणि वहीत उतरवायची. बाकीचे अकरा जण त्या वहीवरून वाजवणार. काम सोपं होतं, पण हा माणूस! दर ओळीला—

"परत म्हणा."

"तीनदा म्हटलं!"

"व्हय. पण परत म्हणा."

आणि मी गुणगुणत असताना हा समोर बसून खालच्या दुकानातून आणलेल्या स्टोव्हवर सळई तापवणार, एका नव्या बांबूला भोकं पाडणार, फुंकून बघणार, पुन्हा सळई... "कान आहेत की नाहीत तुम्हाला?" मी एकदा चिडून विचारलं. तो म्हणाला, "तेवढंच तर हाये." मी वहीत तोंड खुपसलं, कारण मला हसू आवरत नव्हतं.

श्रावण गेला, भादवा गेला. त्याच्या "परत म्हणा"ची मला इतकी सवय झाली, की रविवारी तालीम नसली तर दिवस सरता सरत नसे.

नवरात्रात घरी बोलणं निघालं. तुळशीचं लग्न लागलं की गंगापूरचे पाहुणे मला बघायला येणार. शेती भरपूर, मुलगा शिकलेला. माझे वडील, नाना, एका कचेरीत कारकून. त्यांना तर हर्षवायूच व्हायचा बाकी होता. मी मुद्दाम मुंजाबाला सांगितलं. म्हटलं, आता तरी तोंड उघडेल!

त्यानं बासरी शर्टाला पुसली. "चांगलं घर असंल," म्हणाला.

हातातली वही त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. घरी येऊन मी रडले, अगदी उशी भिजेपर्यंत.

त्यात नवीनच भांडण. मुंजाबानं धून काळी पाचमध्ये बांधली होती, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी 'सा' धरून. सगळ्यांची बोटं अडखळायची. बद्रीकाका अकॉर्डियन गळ्यात अडकवून ओरडायचे, "अरे बाबा, पांढरी एक घे! आमचा जीव घेतो का?"

"नाय. ह्यातच."

कार्यक्रम पाडव्याला दुपारी चारचा, कॉलेजच्या हॉलमध्ये. मुंजाबा तिथूनच एस.टी.नं गावी जाणार म्हणून घोंगडी बरोबर घेऊन आला होता. आत सगळे वाद्यं लावत होते आणि तेवढ्यात तो पांढराफटक पडून उभा राहिला. कोरड्या हवेनं ती नवी बासरी तडकली होती. वरपासून खालपर्यंत बारीक रेघ.

"बरं झालं!" बद्रीकाका म्हणाले. "आता पांढरी एकची काढ."

"मग नाय वाजवत मी."

माझं डोकं फिरलं. "का? काय सोनं लागलंय त्या काळी पाचला? सूर तेच, धून तीच. हे बघा—" आणि मी तिथंच पहिली ओळ गुणगुणून दाखवली.

बद्रीकाकांचा हात सवयीनं अकॉर्डियनवर गेला. माझा 'सा' शोधत बोट सरकलं... आणि पाचव्या काळीवर थांबलं. त्यांनी ती पट्टी पुन्हा दाबली. माझ्याकडं पाहिलं, मग मुंजाबाकडं.

"अस्सं होय," म्हणाले, आणि बाकीच्यांना घेऊन बाहेर गेले.

परत म्हणा. परत म्हणा. परीक्षेत मास्तर देतील त्या पट्टीत मी गायले होते; नुसतं गुणगुणताना माझा गळा कुठं बसतो, ते कधी ताडून पाहिलंच नव्हतं. चार महिने हा माझा आवाज ऐकून बांबूला भोकं पाडत होता, आणि मी त्याला बहिरा समजत होते! माझे कान तापले.

मुंजाबानं घोंगडीच्या कडेची लोकर उसवली. मी मेणबत्ती आणली. त्यानं बासरी धरली आणि मी मेण लावून लोकरीचा धागा गुंडाळायला लागले.

"घट्ट वळा."

"वळतेय." "आधी का नाही सांगितलं?"

"आठ महिने रानात ऱ्हातो मी. घर नाय, दार नाय... काय म्हून सांगू?"

"मग ही कशाला केली?"

त्याचा आवाज अगदी खाली गेला. "रानात तुमचा आवाज कुठून आणू?"

मी शेवटची गाठ मारली. त्याच्या बोटांवरचा हात काही काढला नाही.

निवेदनाला उभी राहिले तेव्हा तिसऱ्या ओळीत नाना बसले होते. कागदावर लिहिलं होतं, 'एक स्वतंत्र धून'. मी कागद मिटला.

"ही धून मुंजाबानं माझ्या आवाजाच्या पट्टीत बांधली आहे," मी म्हणाले. "माझ्यासाठी."

मग बासरी सुरू झाली. मागून व्हायोलिनं आली, अकॉर्डियन आलं, तबला आला, पण ती त्यांच्यातून वेगळीच ऐकू येत होती. वरच्या सुरांना तडकलेल्या जागेतून थोडी हवा निसटायची. मी विंगेत उभी राहून ढसाढसा रडले.

जाताना तो एवढंच म्हणाला, "पट्टी सोडू नका."

"तुम्ही बासरी जपा."

रिक्षाचे पैसे नानांनी दिले. दाराशी आल्यावर म्हणाले, "आठ महिने मेंढरामागं फिरतो तो. झेपणार का तुला?"

"नाही झेपणार, नाना. पण दुसऱ्या कुणाबरोबर अजिबात नाही झेपणार."

ते चपला काढून आत गेले. चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी गंगापूरचं कार्ड टाकलं, येऊ नका म्हणून.

आता चैत्र चाललाय. रोज सकाळी मी ती धून गुणगुणते आणि मग पेटीवर पट्टी ताडून बघते. तो कुठल्या रानात असेल, त्यानं काय खाल्लं असेल... जीव नुसता तिकडं लागलेला असतो. आज गुणगुणत होते, तर समोर पेपर वाचत बसलेले नाना वर न बघताच म्हणाले, "वच्छे, आज जरा उतरलीस."

मी पेटी ओढली आणि पाचवी काळी दाबली. खरंच उतरले होते.

"परत म्हण," नाना म्हणाले.